बखर वाहाणांच्या सुटीची

विघ्नहर्त्यास नमन, आणि विघ्ने आणणारे सभासद यांसही नमन, की त्यांवाचोन लिहिण्याजोगे काही घडत नाही. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, नगरीत जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. नगरीची पेठ लांब, दुतर्फा दुकाने, मध्ये फरसबंदी रस्ता. पूर्वी ऐसी वहिवाट होती की, वेशीबाहेरील वस्तीच्या लोकांनी पेठेतून जाणे तर वाहाणा काढून हाती घ्याव्या, आणि ऊन असो की काटा असो, अनवाणी चालावे. मग एके मार्गशीर्षी वस्तीची माणसे मिळोन, वाहाणा पायी घालोन, भर बाजाराचे दिवशी पेठेत शिरली, आणि दुतर्फा दगड चालले, आणि कित्येकांची डोकी फुटली, तरी लोक पेठेच्या पलीकडल्या टोकास पोहोचले आणि वहिवाट मोडली. त्यांत तान्हूबाई म्हणोन एक पोर होती. तिजला स्वतःच्या वाहाणा कोठून असणार, बापाच्या घालोन आली होती. त्यांतील एक मध्येच निसटली. पोर माघारी फिरली, दगड पडत असता खाली बसली, वाहाण पायी नीट चढविली, आणि मग चालू लागली. ती तान्हूबाई म्हातारी होऊन, त्या दिवसाच्या माणसांपैकी एकटी उरली होती.

वस्तीचे सभासद केरबाजी सोनटक्के, साठीकडे झुकलेले, गुडघे दुखरे, आवाज बसका. त्यांनी ठराव दिला होता की, या दिवसाची नगरसभेच्या कचेऱ्या व शाळा यांस दरसाल सुटी असावी. ठरावास कोणी नाही म्हटले नाही. नाही म्हणते तर बरे होते, भांडता आले असते. सर्वांस तो तत्त्वतः मान्य होता, आणि तत्त्वतः मान्य जाहलेली गोष्ट त्या सभेत कधी पुरी जाहली ऐसे कोणास स्मरत नव्हते. विषय नेहमी शेवटी लावीत. आणि सभेची रीत ऐसी होती की, कोणी थोर मनुष्य वारले तर शोक करावा, दोन मिनिटे उभे राहावे, आणि मृतास मान म्हणोन सभा तहकूब करावी. मग एकदा माजी नगरपती वारले, एकदा दूर राजधानीत कोणी मंत्री वारले, एकदा सभासद नरहरशेट कापडवाले यांचे मामा वारले, आणि प्रत्येक वेळी केरबाजी खाली मान घालोन उभे राहिले आणि विषय तसाच राहिला. थट्टेखोर म्हणत की, वाहाणांचा विषय निघाला म्हणजे नगरीतील म्हाताऱ्यांनी जपोन असावे. केरबाजींस आता या थट्टेचे हसूही येत नसे आणि रागही येत नसे.

तान्हूबाई दर सभेनंतर ठरावाची चौकशी करी. एके दिवशी त्यांनी तिजला विचारिले की, आत्या, या सुटीचा एवढा ध्यास कशाला. तेव्हा म्हातारी बोलिली, "सुट्टी घिऊन मी काय करू रं केरबा? पन त्या दिशी साळा बंद असली, तर पोरं इचारतील ना, आज साळा का न्हाई म्हून. मंग कुनाला तरी सांगावंच लागंल." हे बोलणे केरबाजींच्या काळजात रुतोन बसले. तुझ्या डोळ्यांदेखत ठराव करीन, ऐसे वचन त्यांनी म्हातारीस दिले.

मग मुदतीची अखेरची सभा आली. पुढे निवडणूक, आणि आपण पुनः उभे राहणार नाही, ऐसे केरबाजींनी घरी सांगितले होते. आणि सभेच्या दिवशी पहाटे तान्हूबाई गेली. केरबाजी उशाशी बसोन रडले, आणि मग डोळे पुसोन मसलत केली. पूर्वी रणात सरदार पडला असता फौज पळेल म्हणोन मयत झाकीत, तैसे करावे. वस्तीस बजाविले की, सभा उठेतो बभ्रा करू नये, माती संध्याकाळी देऊ. वस्तीने मान डोलाविली. आणि केरबाजी तोंड धुवोन, धुतला सदरा घालोन सभेस गेले. म्हातारीस वचन पाळलेले दिसणार नव्हते, तरी वचन ते वचन.

त्या दिवशी दैवयोगे दुसरे कोणीही वारले नव्हते. मग विषयामागोन विषय जाहले, गटारे जाहली, दिवे जाहले, दोनदा चहा जाहला, आणि अखेरीस नगरपती राघोजीराव यांनी वाहाणांचा विषय पुकारिला. मग एक सभासद उठोन म्हणाले की, वाहाणा हा शब्द बरा दिसत नाही, सलोखा दिवस म्हणावे. दुसरे म्हणाले की, यांस सुटी दिली तर उद्या सारेच मागतील. तिसरे मोठे हिशेबी, त्यांनी सुचविले की सुटी जरूर द्यावी, परंतु दरसाल जवळच्या रविवारी द्यावी, म्हणजे कामाचा खोळंबा नाही. यावर बाके वाजली. केरबाजी थकोन ऐकत राहिले, आणि म्हणाले की, नाव काही द्या, परंतु वार शाळेचा असू द्या. राघोजीरावही कंटाळले होते, घरी पाहुणे होते. त्यांनी हात वर करविण्याचे मनावर घेतले. कित्येक हात वर आलेही.

इतक्यात नरहरशेट यांस त्यांच्या दुकानातून निरोप आला. वस्तीच्या माणसांनी बभ्रा केला नव्हता, परंतु प्रेतावर घालावयास कापड तर हवेच, आणि कापडाचे दुकान पेठेत शेटचेच. शेट उठले. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटे कैसे म्हणावे. म्हणाले की, आजोबांच्या दुकानावरोन त्या माउलीवर दगड गेले होते, ते पाप आमच्या घरास आहे, आणि ती माउली आज वारली, आणि आपण येथे हात मोजीत बसलो आहो. वर आलेले हात खाली गेले. रीतीप्रमाणे ओळखीच्या माणसाने शोक मांडावा, म्हणोन राघोजीरावांनी केरबाजींकडे पाहिले.

केरबाजी म्हणाले, "शोक आहे. पण सभा चालू द्या. तिला मान द्यायचा तर विषय आधी घ्या."

राघोजीराव हळू म्हणाले, "केरबाजी, रीत आहे. आपल्याच म्हातारीला कमी मान द्यायचा का?"

मग शेटनीच शोक मांडिला, आणि सर्व सभा उभी राहिली, आणि केरबाजी एकटे बसोन राहिले. उभे राहावे तर विषय गेला, बसावे तर आत्याचा अपमान, आणि बसोनही विषय गेलाच. दोन मिनिटे सरली, सभा तहकूब जाहली, मुदत संपली. आणि नगरपतींनी उदार होऊन हुकूम केला की, थोर स्त्री गेली, सबब कचेऱ्या व शाळा या घडीपासोन बंद. बाहेर पडता लोक कुजबुजले की, सोनटक्के आपल्याच माणसास उभे राहिले नाहीत. केरबाजींनी ते ऐकिले.

मग ते पेठेतून वस्तीकडे निघाले. शाळा सुटल्या होत्या. एका ओट्यावर दोन मुली दप्तरे टाकोन बसल्या होत्या, आणि एकीने दुकानात विचारिले की, आज शाळा लवकर का सुटली? दुकानदार मापे पुशीत म्हणाला, "कोणी म्हातारी वारली, म्हणून."

केरबाजी पुढे गेले. घरी मयत होते, गुडघे दुखत होते, माणसे वाट पाहत होती. मग ते थांबले, माघारी फिरले, ओट्यावर मुलींशेजारी टेकले, आणि म्हणाले, "तिचं नाव तान्हूबाई. तुमच्याएवढी होती, तेव्हा इथंच, या रस्त्यावर, तिच्या पायातली वहाण निसटली."

तात्पर्य, ठराव जाहला नाही. सुटी अर्धा दिवस जाहली. मातीस किंचित उशीर जाहला, त्याबद्दल वस्तीने केरबाजींस बोल लाविला नाही. इति लेखनसीमा.