सारजाची सुपारी आणि विमानातली गोळी

सारजाची सोयरीक दोनदा मोडली होती, आणि दोन्ही वेळा तिच्या बापाच्या तोंडामुळं. पोरगी कामाची, देखणी. पण बाप सिद्धू पडला तिखट. बैठकीत समोरच्यानं एक शब्द टाकला की हा चार फेकायचा. एकदा पागोट्याच्या रंगावरून मोडलं, एकदा पंगतीत आधी कोण बसणार यावरून. कळस गावातले लोक आता पोरीकडंच कीव करून बघायला लागले होते. म्हणून कन्हेरीचे हिंदुराव आपल्या पोरासाठी सुपारीच्या बैठकीला आले, तेव्हा बानूबाईनं नवऱ्याला देवासमोर उभं केलं.

“आज तोंडाला कुलूप घाला. ह्या बारीला मोडलं तर पोरगी जन्माची घरात बसंल.”

“मी काय येडा हाय व्हय?” सिद्धू म्हणाला.

यावर बानूबाईनं देवाला आणखी एक नारळ कबूल केला.

नेमकं त्याच दिवशी कळसच्या माळावर विमान उतरलं होतं. तिकीट काढणाऱ्याला आभाळात फिरवून आणत होते. हिंदुराव हौशी माणूस. बैठकीआधी होणाऱ्या व्याह्याला एक चक्कर मारून आणावी, हे त्यांना शोभेसं वाटलं. दोघं विमानाच्या चिमुकल्या डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसले. विमान चालवणाऱ्या साहेबानं पेपरमिंटच्या गोळ्या हिंदुरावांच्या हातात ठेवल्या आणि बजावलं, “उतरताना चघळत राहा, आवंढे गिळत राहा. वर हवा पातळ असते, खाली दाट. डब्यात हवा कोंडून ठेवायची सोय या विमानात नाही. गिळलं नाही तर कानांना दडे बसतील.”

हिंदुरावांनी गोळी पुढं केली. “घ्या, सिद्धूराव.”

झाली का पंचाईत! मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या हातचं खाणार कसा?

“छ्या, छ्या! लेकीच्या सासरचं पानीबी आमाला चालत न्हाय.”

“आवं, अजून सुपारी फुटायची हाय!”

“म्हून काय झालं? रीत ती रीत.”

व्याही कोरडा आणि आपण खुशाल गोळी चघळायची, असं हिंदुरावांच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी दोन्ही गोळ्या खिशात टाकल्या. विमान चढलं, भिरभिरलं आणि घारीसारखं खाली आलं. तेवढा वेळ दोघंही रीत सांभाळून तोंड घट्ट मिटून बसले होते.

उतरल्यावर सिद्धूला काही म्हणता काही ऐकू येईना. बाप बहिरा निघाला तर लोक लेकीच्याही कानांवर शंका घेणार. सोयरीक गेलीच म्हणायची! त्यानं ठरवलं, बोलायचं नाही, नुसती मान हलवायची. शेजारून चालणारे हिंदुराव आपल्या पोराच्या काळजीनं हेच ठरवत होते, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

बैठक बसली. मध्यस्थ रावजीनं घसा खाकरला. “तर मंडळी, लगीन कुठं लावायचं? कळसला का कन्हेरीला?”

सिद्धूनं मान हलवली. हिंदुरावांनीही हलवली.

“म्हंजी कुठं?”

दोघांनी पुन्हा हलवली, या वेळी जास्त गंभीरपणे.

“काय भारदस्त मानसं!” मागून कोणीतरी पुटपुटलं. रावजीला मात्र घाम फुटला.

इतक्यात आत सारजाच्या हातून भरला हंडा निसटला. घोंगडीवरची सगळी माणसं दचकली, दोघं सोडून. दाराआडून बानूबाईनं ते बघितलं. तिच्या शेजारी मुलाची आई म्हाळसाबाई बसली होती, तिनंही बघितलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि उगीच वेळ घालवला नाही.

“इहीनबाई, लगीन आमच्या दारात?” बानूबाईनं विचारलं.

“चालतंय. मानपान म्हंजी फकस्त पागोटं. रंग कसलाबी असूंदे.”

“आनि पंगतीला समद्यांनी संगंच बसायचं.”

“बेस झालं. रावजीदादा, इचारा त्यास्नी!”

रावजीनं एकेक विचारलं. माना हलल्या. एवढ्या झटपट ठरलेली बैठक कळसनं पाहिली नव्हती. सुपारी फुटली, भंडारा उधळला. तो सिद्धूच्या नाकात गेला, त्याला सणसणीत शिंक आली आणि खाडकन कान मोकळे झाले.

पहिल्यांदा कानावर पडले ते हिंदुराव. त्यांचे दडे अजून बसलेलेच होते. दाराकडं वाकून आपण बायकोशी कुजबुजतोय अशा समजुतीनं ते ओरडत होते, “सोयरा ठार बहिरा दिसतुया गं! आन् जरा बावळटबी! पर पोरगी लाखात एक हाय!”

बैठक गारठली. रावजीनं डोळे मिटून घेतले. सिद्धूच्या मानेच्या शिरा फुगल्या, मिशी थरथरली, चांगले चार शब्द जिभेवर आले. तेवढ्यात त्याला दाराच्या फटीत सारजा दिसली. ती हात जोडून उभी होती, अगदी रडवेली. सिद्धूला एकदम भरून आलं. त्यानं हिंदुरावांकडं वळून पहिल्याइतक्याच गंभीरपणे मान हलवली.

बानूबाई साखरेची वाटी घेऊन त्याच्या मागं येऊन उभी राहिली. कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं, “कान उघडलं का वो?”

“न्हाय,” सिद्धू तितक्याच हळू म्हणाला.