अण्णांची माशाची गोळी

आमच्या पिरनवाडीच्या गल्लीतले अण्णा रोज आमच्याकडं भांडायला येतात, तेही नेमकी आमची ताटं वाढली की. मुठीत माशाच्या तेलाची गोळी असते. दारातूनच तोंड सुरू. "बांगडा तळून खायाचा, का गोळीत कोंबायचा रं? ह्येला काय अर्थ हाय?" आमचा घास तोंडात, डोकं मात्र तापायला लागतं.

अण्णा निपाणीला तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. वखार सोडून वर्षं झाली, आवाज अजून तिथलाच आहे. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी आक्का वारल्या, तेव्हापासून तर दिसेल त्याच्यावर ओरडतात. कंडक्टरवर कन्नडमध्ये, डॉक्टरवर मराठीत.

डॉक्टर तरी काय करणार? अण्णांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, एवढं वाढलेलं की नळीतलं रक्त वर दुधासारखं पांढरं दिसलं. "स्वादुपिंड सुजलं तर जिवावर बेतेल. तो खव्याचा गोड कुंदा बंद, आणि ही गोळी रोज जेवणाबरोबर," असं त्यांनी बजावलं.

तेव्हापासून हे आमच्या डोक्याला ताप. खुर्ची ओढून बसतात, जगाला शिव्या घालतात, आमची दुसरी भाकरी चालू झाली की गोळी गिळतात आणि उठतात. बायको विचारते, "अण्णा, जेवताय न्हवं?"

"न्हाय. भांडायला आलतो."

परवा नवा रिपोर्ट नाचवत आले. चरबी तसूभर उतरली नव्हती. "रोज गोळी खातोय! डागदर लुच्चा हाय!"

"आज काय जेवलात?" मी विचारलं.

"चा."

"आणि?"

"वाईच कुंदा."

माझा संताप अनावर झाला. ताट सारून मी ओरडलो, "अहो, जेवणाबरोबर म्हणजे तुमच्या जेवणाबरोबर! आम्ही जेवताना तुम्ही गोळी गिळून काय उपयोग? मरायचंय काय तुम्हाला?"

अण्णांवर कुणी ओरडलेलं गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली.

"दोनदा भात केलतो रं," ते म्हणाले. "ताट घेऊन बसलो बी. एकट्यानं खाल्ल्यालं, त्येला जेवण म्हनत्यात व्हय?"

बायकोनं आणखी एक ताट मांडलं.

"बसा!" मी पुन्हा ओरडलो. साध्या आवाजात बोललो असतो तर मला रडूच फुटलं असतं.