मल्लाप्पा अण्णांची सबंध लाईन

घरातून निघालेल्या मल्लाप्पा अण्णांना कुणी "कुठं चाललात?" असं विचारलं की ते तिथूनच मागं फिरायचे. घरी जायचे, पायांवर पाणी घ्यायचे, ओट्यावर थोडा वेळ टेकायचे आणि मग आज पहिल्यांदाच निघतोय अशा चेहऱ्यानं पुन्हा बाहेर पडायचे. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, विचारलं की काम होत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाकीचे लोक विचारणाऱ्याला मनातल्या मनात शिवी देतात आणि पुढं जातात. अण्णा पुढं जात नसत. एका सकाळी ते तीनदा घरी परतलेले मी स्वतः पाहिलेत. चौथ्या वेळी त्यांना पाहून बोळातल्या बायकांनी दारंच लावून घेतली.

येडशीत त्यांचं तेलमिठाचं दुकान होतं आणि माझी भाड्याची खोली त्याला लागून. मी करोडगिरी नाक्यावर कारकून. करोडगिरी नाका म्हणजे निजामाची हद्द संपून इंग्रजांची लागण्याआधी उतारूंच्या गाठोड्यांत नाक खुपसायची सरकारी जागा. पगार बेताचा, पण रुबाब मोठा. गावात सगळे मला साहेब म्हणत. अण्णा एकटे "ए कारकून" म्हणत.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, डोक्याला पिवळा रुमाल आणि काखेत छत्री. दुकानात बसलेले असले तरी छत्री काखेतच. गिऱ्हाईक पोहे मागायचं आणि अण्णा रेल्वेची गोष्ट सांगायचे. आज इंजिनानं ढोकीला पाणी जास्त घेतलं. काल घाटात शिट्टी घोगरी वाजली. गिऱ्हाईक पोहे न घेताच निघून जायचं.

आमची गाडी म्हणजे मोठ्या गाडीचं धाकटं भावंड. रूळ अरुंद, डबे बुटके, आणि रामलिंगाच्या घाटात तर ती इतकी दमायची की आतल्या माणसांनाच तिची कीव यावी. पण अण्णांपुढं तिच्याबद्दल वावगं बोलायची सोय नव्हती. "लाईन आपली हाय," एवढंच ते म्हणायचे. ते अशा थाटात म्हणायचे, की रूळ यांनीच अंथरलेत असं परक्याला वाटावं.

या अण्णांनी एक पण केला होता. लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंतची सबंध लाईन एका दिवसात, दिवे लागायच्या आत, गाडीतून पार करायची. येडशी पडली मधे. म्हणजे सकाळच्या गाडीनं आधी लातूरला जायचं, तीच गाडी मागं फिरली की तिच्यातच बसायचं, येडशीवरून तसंच पुढं जायचं आणि थेट कुर्डुवाडी गाठायची. हा उद्योग वर्षातून एकदाच, नागपंचमीला. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मुहूर्त चांगला असतो."

मी एकदा म्हटलं, "अण्णा, कुर्डुवाडीला लाईन संपत नाही. पुढं पार मिरजेपर्यंत जाते. सबंध म्हणजे सबंध पाहिजे."

"ती आपली न्हाय. कुर्डुवाडीच्या पल्याड माझं कोन हाय?"

"आणि अलीकडं कोण आहे?"

"दोन जावई हायेत."

ते खरं होतं. थोरली नीलाक्का लातुरात दिलेली, धाकटी गिरजा कुर्डुवाडीत. लाईन उडून जाऊ नये म्हणून यांनी दोन्ही टोकांना एकेक जावई ठेवलाय, असं स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आम्ही म्हणायचो. त्या हॉटेलात चहा पिळपिळीत मिळायचा, पण चेष्टेला बाहेर जावं लागत नसे.

पहिल्या वर्षी अण्णा तिकिटाच्या खिडकीवरच हरले. तिथला जुना बाबू शहाणा होता. अण्णा दिसले की तो आढ्याकडं बघत गप्प बसायचा, मग अण्णाच आपणहून गावाचं नाव घ्यायचे. पण ऐन पंचमीला तिथं नवा बाबू बसला होता. त्यानं डोकं वर न करता विचारलं, "कुठलं?" अण्णांनी छत्री उचलली आणि घरचा रस्ता धरला. पाय धुऊन परत येईतो गाडी निघून गेली होती. नवा बाबू नंतर कितीतरी दिवस माझं काय चुकलं म्हणून लोकांना विचारत होता.

दुसऱ्या वर्षी खिडकी पार पडली, तर पूजा आडवी आली. अण्णांचा नेम असा की आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. त्या दिवशी गाडी चुकायच्या धास्तीनं ते पारोसेच निघाले. लातूरला जाताना ढोकीला गाडी थांबली, तेव्हा त्यांना इंजिनात पाणी सोडायचा नळ दिसला. ड्रायव्हर ओळखीचा. अण्णा धोतर खोचून नळाखाली उभे राहिले, ड्रायव्हरनं साखळी ओढली, आणि जी धार पडली तिनं माणूस आडवाच झाला. तसेच उठले, ओलेत्यानं फलाटावर मांडी घातली, लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. गार्डानं शिट्टी दिली. ड्रायव्हरनं दिली. डब्यातल्या लोकांनी हाका मारल्या. पूजेत डोळे उघडत नाहीत. उघडले तेव्हा समोर नुसते रूळ होते.

तिसऱ्या वर्षी हॉटेलातल्या मंडळींनी ठरवलं की अण्णांबरोबर साक्षीदार पाठवायचा. लाईन पुरी झाली असं नुसतं ते म्हणतील, त्यावर विश्वास कोण ठेवणार? सरकारी माणसाची साक्ष बरी, म्हणून माझी नेमणूक झाली. दिवस लढाईचे होते, रुखसत, म्हणजे रजा, मिळणं मुश्किल. मी पोटात कळ आली म्हणून सांगितलं आणि निघालो.

त्या सकाळी अण्णा पूजा उरकून तयार होते. हातात फडक्याचं गाठोडं. बोळ सामसूम. खिडकीवर बाबू आढ्याकडं बघत होता. गाडीत बसलो तेव्हा मलाच हुश्श झालं.

लातूरला नीलाक्का फलाटावर उभी होती. डोक्यावरून पदर, हातावर मेंदी, तोंड सुकलेलं. अण्णा खाली उतरले. तिनं वाकून नमस्कार केला. घरी चला असं ती म्हणाली नाही, आणि हेही गेले नाहीत. तिला अजून मूल नव्हतं, आणि लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही.

अण्णांनी गाठोडं सोडलं. ज्वारीच्या लाह्या, बांगड्या, आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं पुरणाचं एक दिंड. पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. म्हणून हे उकडलेलं दिंड. पण याचा आकार बघून मला हसू आवरेना. एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला उसवलेलं.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं. तुला काय करायचंय?"

नीलाक्कानं दिंड हातानं मोडलं. अर्धं तिथंच उभ्यानं खाल्लं. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. "आईसारखं झालंय अप्पा," ती म्हणाली. उरलेलं अर्धं तिनं पानात परत गुंडाळलं. "हे गिरजीला द्या. दिवा लागायच्या आत द्या. ती कालपास्नं उपाशी आसंल."

मग तिनं मला सगळं सांगितलं, कारण अण्णा इंजिन बघायला गेले होते. निदान तसं सांगून गेले होते. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात. या दोघींना भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून दोघी एकमेकींचा धरायच्या. दुसऱ्या दिवशी आई एक दिंड मोडून दोघींना अर्धं अर्धं द्यायची आणि उपास सुटायचा. लग्नं झाल्यावरही पंचमीला दोघी येडशीला यायच्या. तीन वर्षांमागं आई गेली. बाई नसलेल्या घरात पंचमी कसली, म्हणून दोन्हीकडच्या सासवांनी पाठवणं बंद केलं. "गेली दोन वर्सं अप्पाला जमलं न्हाय," ती म्हणाली. "आमी दोघींनी दुसऱ्या दिवशी नुसत्या पान्यावर उपास सोडला."

हॉटेलात बसून केलेल्या चेष्टा माझ्या डोळ्यांपुढून जात होत्या, आणि त्यातल्या काही चांगल्या होत्या याचंच वाईट वाटत होतं.

परतीला अण्णा दिंड मांडीवर घेऊन बसले होते. गर्दी वाढली तसं ते छातीशी धरलं. मुरूड गेलं, ढोकी गेली. ढोकीला त्यांनी नळाकडं बघायचंही टाळलं.

येडशीला गाडी थांबली आणि माझ्याच नाक्याचे दारोगासाहेब डब्यात चढले. मी पोट धरून खाली बघत बसलो. त्या दिवसांत हद्दीपलीकडं चांदी फार जायची, म्हणून साहेब कसून तपासत होते. गिरजासाठी ठेवलेल्या लाह्या चाळल्या, बांगड्या मोजल्या आणि मग पान उलगडलं.

"ये क्या है?"

"दिंड हाय सायेब. पंचमीचं."

"आधा क्यूं है? बाकी आधा किधर गया?"

"लातूरला."

"लातूर में किसके पास?"

"लेकीच्या पोटात."

सबंध डबा हसला. साहेबांना तो सरकारचा अपमान वाटला. त्यांनी खिशातून चाकू काढला. आत काय दडवलंय ते चिरून बघणार होते. अण्णांनी दिंडावर दोन्ही हात ठेवले.

"आज चिरत न्हायत सायेब. मला उतरवून घ्या, हातात बेड्या घाला, पर ह्याला सुरी लावू नका. हे गाडीतनं पुढं जाऊ द्या."

साहेब त्यांना खरंच खाली उतरवायला निघाले. तेव्हा मला उठावं लागलं. मला पाहताच साहेब चाकू विसरले. "तुम? तुम्हारे पेट में तो दर्द था."

"था साहब," मी म्हटलं. "इस बुढ्ढे का मैं जामीन. चांदी निकली तो मेरी नोकरी लेना."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, दिंडाकडं बघितलं, आणि चाकू मिटला. "नोकरी का कल देखेंगे," म्हणत उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं काय केलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण या भानगडीत गाडीला चांगलाच उशीर झाला.

बार्शी मागं पडली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. अण्णांचा एक डोळा खिडकीबाहेर, एक पानावर. शेंद्री गेली. कुर्डुवाडीची झाडं दिसू लागली, मग स्टेशनाची कौलं, आणि तिथं सिग्नलापाशी गाडी थांबली ती थांबलीच. सिग्नल पडेना. सूर्य कौलांना टेकला होता.

अण्णा उठले. रुमाल नीट केला आणि दाराशी गेले.

मी साक्षीदार. माझं काम मला करणं भाग होतं. "अण्णा, इथं उतरलात तर लाईन पुरी झाली असं होणार नाही. एवढं हाकेवर राहिलंय. तीन वर्षं घालवलीत. थोडं थांबा."

"लाईन काय पळून जातीय का?" अण्णा पायरीवर बसत म्हणाले. "पोरगी कालपास्नं उपाशी हाय." आणि त्या वयात त्यांनी खडीवर उडी टाकली.

मी मागोमाग उतरलो. ते रुळांच्या कडेनं पळत होते, म्हणजे त्यांना जेवढं पळता येई तेवढं, आणि छत्री गाडीतच राहिली होती. येडशीला गेल्यावर मी लाईन पुरी झाली म्हणूनच सांगितलं. सरकारी माणसाची साक्ष, कुणी खोटी म्हटली नाही.

गिरजा फलाटाच्या टोकाला उभी होती, कडेवर लेकरू. स्टेशनातला माणूस कंदील घेऊन बाहेर येत होता, अजून लावला नव्हता. अण्णांना धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं पान पुढं केलं. तिनं घास घेतला, जरा थांबली, आणि मग शांतपणे चावू लागली.

"कसं झालंय?"

"लई ग्वाड," ती म्हणाली. "चला आता घरला. ताट वाढते. माझ्याकडं जेवायला तुमाला आता आडकाठी न्हाय."

तिचं मूल कडेवर होतं, तेव्हा खरंच अडकाठी नव्हती. पण अण्णांनी मान हलवली. "नीलीच्या घरचं पानी अजून घेतलं न्हाय. तुज्याकडं पंगतीला बसलो तर तिला कळंल. तिला झालं म्हंजे दोन्हीकडं संगंच जेवीन."

गिरजानं डोळे पुसले. उरल्या घासातला तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. "हे माझ्या घरचं न्हाय. तुमच्याच चुलीवरचं हाय. खावा. सकाळपास्नं तुमी तरी काय खाल्लंय?"

अण्णांनी तोंड उघडलं. चावलं. मग चावायचे थांबले.

"गिरजे, ह्यात गूळच न्हाय की. गूळ घालायचा ऱ्हायला."

"हाय," ती म्हणाली.

"न्हाय गं. नुसती डाळ हाय. नीली तर म्हनाली..."

"हाय अप्पा. गिळा."

अण्णांनी गिळलं. तिनं शेवटचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, लेकराच्या ओठांनाही जरासा लावला, आणि पान घडी करून कमरेला खोचलं. मी पाठ फिरवून रुळांकडं बघत उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते.