अण्णांना शत्रू पाहिजे

समोरच्या दारातले अण्णा परब एका रविवारी सकाळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा तुमची केरसुणी द्या. पानिपतात गवत कमी पडलंय."

आम्ही मुलुंडला राहायला येऊन चार दिवस झाले नव्हते. ही आमची पहिली ओळख. मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी माझंही तोंड बंद पडलं. "अख्खी नको हो," अण्णांनी मला धीर दिला, "शेंडे तेवढे कापतो." कापले आणि गेलेसुद्धा! महिनाभर मी बोडक्या केरसुणीने घर झाडत होते.

अण्णा मरोळच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. खरा धंदा पानिपतची लढाई. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर प्लायवूड टाकलेलं, आणि त्यावर अख्खं रणांगण. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची जमीन, काथ्याची झाडं, तोफांच्या तोंडाशी कापसाचा धूर. यमुना म्हणजे खिडकीची फुटकी काच, खालून निळा रंग दिलेली. सैनिक बोटाच्या पेराएवढे, शिशाचे. ते शिसं मासळीबाजारातून यायचं. कोळणीकडे जुन्या जाळ्यांची वजनं असत, ती अण्णा विकत घेत. ती म्हणायची, "हा बाबा बांगडा सोडून जाळीच खातो की काय!"

ते शिसं वितळवायला लागायची फोडणीची पळी. अण्णांची बायको सुमन रांधायला उभी राहिली की पळी गायब. "शिरा पडली तुमच्या त्या पानिपतावर!" ती ओरडायची. मग अण्णा नवी पळी आणून देत आणि पुढच्या महिन्यात तीही लढाईवर जायची.

एकदा मी बारकाईने बघितलं तर एका बाजूचे घोडे गुबगुबीत आणि दुसऱ्या बाजूच्या घोड्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात.

"ही मरतुकडी कोणाची?"

"आपली. मराठ्यांची. उपाशी होते वहिनी आपले घोडे. रसद तोडली होती ना."

नुसतं दिसायला नाही, खेळाच्या नियमातसुद्धा. फासे टाकून चाल करायची, पण खेळातली दुपार झाली की मराठ्यांचे घोडे दमणार, एक घर कमी चालणार. नियम अण्णांनीच केलेले. आणि अण्णा कायम मराठ्यांकडून खेळणार. म्हणजे कायम हरणार! मी म्हटलं, "मग बदला ना नियम. तुमच्याच घरचा खेळ आहे."

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच पळी चोरली असावी. "इतिहास म्हणजे काय साडी आहे वहिनी? आवडली नाही, दुकानात जाऊन बदलून आणली?"

पण अण्णांची खरी अडचण घोडे नव्हते. अडचण अशी, की लढाईला शत्रू लागतो, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये शत्रू व्हायला कोणी तयार नव्हतं. खिडकीकडची खुर्ची मराठ्यांची, मोरीकडची गिलच्यांची. गिलचे म्हणजे पलीकडची अफगाण फौज. अण्णांच्या तोंडी हाच शब्द. येईल तो माणूस थेट खिडकीकडे जाऊन बसायचा. तळमजल्यावरच्या देसायांना अण्णांनी मोरीकडची खुर्ची दाखवली, तर देसाई चहा न पिता उठले. "परब, आमच्या घराण्याने तलवार गाजवलीय! मी गिलचा होऊ?" देसाई रेशनिंग ऑफिसात होते.

आमचे हे एकदा भिडेखातर बसले. बसले ते बसले, आणि सगळे गिलचे एकामागून एक यमुनेत बुडवून आले. वर छाती काढून म्हणतात, "जिंकलो की नाही आपण?" अण्णा इतके चिडले की आठ दिवस जिन्यात भेटले तरी मान फिरवत होते. मुद्दाम हरणाऱ्या माणसाला ते खुनी समजत.

मीही बसून बघितलं. अर्ध्या तासात अण्णांनी हात जोडले. "वहिनी, तुम्ही शत्रू नाही. तुम्ही पाहुण्या आहात. दरवेळी 'मारू का? मारू का?' विचारताय."

तर शत्रू होता एकच. अण्णांची एकुलती एक मुलगी शैला. ती नऊ वर्षांची असताना अण्णांनी तिला मोरीकडच्या खुर्चीत उशी घालून बसवलं. सुमन सांगते, पोर भोकाड पसरून रडली होती. "मला पण मराठे पाहिजेत!" तर अण्णा म्हणाले, "बाय, मराठे काय, कोणीही होईल. शत्रू चांगला व्हायला अक्कल लागते."

ती अक्कल पोरीने अशी काही कमावली, की विचारू नका! रविवारी सगळी बिल्डिंग टीव्हीपुढे बसलेली असायची आणि समोरच्या घरातून शैलाचा आवाज यायचा, "अण्णा, तुमचा डावा हात कापला. आता काय करता?" बापाची वाट लावायची आणि मग शांतपणे आत जाऊन कोलंबी सोलायची. शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात तिने लिहिलं होतं, "दुपारनंतर आपण मराठ्यांना घेरले." बाईंनी सुमनला बोलावून घेतलं. अण्णा तो पेपर महिनाभर खिशात घेऊन हिंडत होते. ज्याला त्याला दाखवायचे, "बघा, याला म्हणतात शत्रू!"

आणि मग शैलाचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा बडोद्याचा, चांगला इंजिनिअर. बघायला आला तेव्हा कांदेपोह्यांच्या बशा मीच नेऊन दिल्या, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलंय. अण्णांनी पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एकच प्रश्न. "पानिपतात तुम्ही कोणाकडून?"

मुलगा गोंधळला. "कोणाकडून म्हणजे? मराठ्यांकडूनच ना!"

अण्णांचा चेहरा पडला. सुमनने त्यांना पदराआडून असा चिमटा काढला की ते बिचारे उठूनच उभे राहिले. लग्न ठरलं. सगळे पेढे खात होते आणि अण्णा मला बाजूला घेऊन विचारतात, "वहिनी, तुमच्या बँकेत कोणी खडूस माणूस आहे का? रविवारी मोकळा असणारा?" मी हसले. रात्री आमच्या ह्यांना सांगताना मात्र मला हसू येईना.

लग्नाआधीचा शेवटचा रविवार. घरात लाडू वळायला आम्ही सातआठ बायका. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या वळकट्या, आणि मधोमध पानिपत तसंच. "निदान आज तरी आवरा हो ते!" सुमन म्हणत होती. तेवढ्यात शैला आली, हातावर ओली मेंदी घेऊन, आणि सवयीने मोरीकडच्या खुर्चीकडे वळली. बघते तर तिथे अण्णा बसलेले!

"उठा अण्णा. ही माझी जागा."

"आज तू तिकडे बस. मराठे तू घे."

शैला बघतच राहिली. "आणि तुम्ही?"

"मी गिलचा."

आम्ही सगळ्या लाडू टाकून दारात. मेंदीमुळे शैलाला सैनिक उचलता येईनात, म्हणून ती सांगेल तसे मी उचलत होते. काय खेळली हो पोरगी! दुपार व्हायच्या आत मराठ्यांनी गिलच्यांची मधली फळी फोडली. पण आता घोडे दमायची वेळ आली होती. गिलच्यांची ताज्या दमाची राखीव फौज मागे तंबूंपाशी उभी होती. खऱ्या लढाईतही तिनेच घात केला. इतके दिवस बघून मलाही एवढं कळत होतं, की अण्णांनी ती पुढे काढली की संपलं.

अण्णांनी एक साधा घोडेस्वार इकडचा तिकडे केला. पुढच्या पाळीला परत तेच.

"अण्णा, राखीव फौज काढा," शैला म्हणाली.

"बघतो."

"बघता काय? आत्ता नाही काढलीत तर हराल."

"असू दे. त्यांना यायला उशीर झाला."

शैला ताडकन उठली. "मुद्दाम हरताय? तुम्ही? मला नको असलं जिंकणं. मला इतकी वर्षं इथे बसवून शिकवलंत ते यासाठी? खेळा नीट!"

अण्णांनी फासे उचलले. आणि न टाकताच परत खाली ठेवले. हा माणूस एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी बोलायचा, गावची मालवणी त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. ती त्या दिवशी ऐकली.

"इतकी वर्षा तुका शत्रू करून बसवलंय," ते म्हणाले. "एकदा पण मराठे दिले नाय. आता परक्याच्या घराक जातंस, तर हरवून कसा धाडू गे बाय?"

सुमनने डोळ्यांना पदर लावला. मी तर बाई रडतच होते, उगाच कशाला खोटं बोलू.

शैलाने मनगटाने नाक पुसलं. मेंदी सगळी गालाला लागली. मग ती खाली बसली आणि मला म्हणाली, "काकू, माझे फासे टाका."

मी टाकले. तिने भराभर घरं सांगितली, मी घोडे पुढे नेले. बरगड्या दिसणारे ते घोडे तंबूंपर्यंत पोचले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांची पोरं नाचायला लागली, आणि जन्मभर मराठ्यांसाठी लढलेले आमचे अण्णा गिलच्यांच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडत होते.