बावीस टक्के आणि सासूबाईंचा डावा डोळा

पेट्रोलचा खर्च वाचवावा, एवढाच माझा साधा विचार होता. म्हसावदहून शहाद्याला रोज ये-जा करणाऱ्या कारकुनाने याहून मोठा विचार करूही नये. (मी करतो, पण साहेब ते मंजूर करत नाहीत.) मी इलेक्ट्रिक कार घेतली. ‘किलोमीटरला जेमतेम रुपया!’ हे वाक्य ऑफिसात इतक्यांदा म्हटलं, की लोक मला पाहून कपाटामागे जाऊ लागले.

घरच्या चार्जिंगसाठी दारासमोरच्या ओट्यावर पंधरा अँपिअरचा पॉइंट काढला. आमचं घर लाइनच्या अगदी शेवटच्या खांबावर. गाडी लावली की घरातले दिवे निरांजनासारखे व्हायचे, मोटर पाणी खेचायची नाही आणि घरघंटी ज्वारी नुसती चघळत बसायची. शेवटी बायकोने, काजलने, फ्रिजवर टाइमटेबल चिकटवलं. सकाळी मोटर, दुपारी घरघंटी, संध्याकाळपासून गाडी.

“आनि पंखा कव्हय लावाना?” मी विचारलं.

“गाडीमा जाईसन बसा. तठे एसी शे.”

अशात सासूबाई आल्या. जसोदाबाईंचा उजवा डोळा कित्येक वर्षं अंधुक, आणि डाव्यात मोतीबिंदू असा पिकलेला, की येताच त्यांनी गॅस सिलिंडरला “बस ना बाई, उभी काबर शे?” म्हटलं. शनिवारी अकराला नंदुरबारच्या दवाखान्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच येणार. नंबर हुकला तर महिनाभर सिलिंडरशी गप्पा.

“जीप सांगी ठेऊत का?” काजलने विचारलं.

“कसाले? आपली गाडी शे ना!” मी म्हणालो. (माणसाची जीभ वेळेवर कधी ट्रिप होत नाही.)

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः प्लग लावला. शनिवारी साडेसातला गाडीत बसलो, तर पडद्यावर बावीस टक्के.

“प्लग कोनी काढा?”

“मी काढा,” मागच्या सीटवरून सासूबाई मायेने म्हणाल्या. “कव्हयनी वीज वाया जाई ऱ्हायंती, जावईबापू. मोबाइल बी दोन तासमा भराई जास. तुम्हनं बिल वाचाडं मी.”

काजलने खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. ओट्यावर प्लगची वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

बावीस टक्क्यांत चाळीस किलोमीटर, आणि नंदुरबार साठ. पण मोबाइलवर शहाद्याच्या पुढे एक चार्जर दिसत होता. निघालो. एसी बंद, रेडिओ बंद, वेग चाळीस. उसाने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला आणि त्यावरच्या माणसाने ‘काय झालं?’ असा हात केला. चार्जर सापडला. त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती.

प्रकाशाला पोचलो तेव्हा चार टक्के उरले होते. (गावाच्या नावातच प्रकाश, म्हणून मला उगीच धीर आला.) चहाच्या हॉटेलात प्लग लावला. गाडीने लाल दिवा दाखवला, अर्थिंग नाही.

“पक्कं अर्थिंग जमनाबाईनी गिरनीमा शे,” हॉटेलवाला म्हणाला.

पिठाच्या गिरणीत जमनाबाई डोक्याला पदर बांधून उभ्या होत्या आणि सात बायका डबे घेऊन रांगेत. मी अडचण सांगितली. जमनाबाईंनी गाडीकडे पाहिलं.

“कितला किलो शे?”

“किलो नही, बाई. वीज लागस. दीड तास.”

“व्होल्टेज पडस, गिरनी बंद ठेवनी पडी. दीड तासमा मी साठ किलो दळस. साठ किलोना पैसा द्या.”

मी खिसा उपसला. पण रांगेतल्या बायका पैशाने गप्प बसणाऱ्या नव्हत्या. एकीच्या घरी पाहुणे बसलेले, दुसरीची सून बाळंतीण, आज बाळाची पाचवी. सगळ्यांना चहा सांगितला. तरी डबे हलेनात, म्हणून जमनाबाईंनी माझ्या हातात चाळणी दिली. साडेआठ ते दहा मी ऑपरेशनला जायच्या इस्त्रीच्या शर्टात अनोळखी बायकांचे गहू चाळले. सासूबाई पोत्यावर बसून सांगत होत्या, “जावई सरकारी शे मन्हा. पन कामले लाज नही.”

त्या दिवशीच्या किलोमीटरचा भाव मी काढला. ऑफिसात तो मी कुणाला सांगणार नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि पेशंट समजून मलाच खुर्चीत बसवलं. गिरणीतल्या पिठाने माझे केस आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मग खऱ्या पेशंटला आत नेलं. काजल बाहेर बाकावर बसली होती, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. तासाभराने डॉक्टर “छान झालं” म्हणाले, तेव्हा ती माझा पिठाळलेला दंड धरून रडली. तेवढ्यापुरता मला माझ्या गाडीचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. मी अंघोळ करून, भांग पाडून समोर उभा. सासूबाईंनी डोळ्याची उघडझाप केली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, खिडकीतला लिंब पाहिला. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिला. आमचं लग्न होऊन बारा वर्षं झाली. त्यांची नजर तेव्हापासूनच अधू, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी मला धड पाहिलेलंच नव्हतं. आता त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. बराच वेळ थांबली.

मग काजलकडे वाकून, हळूच, पण मला ऐकू येईल इतक्या हळूच, त्यांनी विचारलं,

“काजल, लगीनना टाइमले यास्नं वय कितलं सांगेल व्हतं वं?”