सुनेची साखर आणि खिंडीतला काला

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलेल्यांना अर्धंच ऐकू येतं आणि मग गावभर उरलेलं अर्धं ते स्वतःच्या पदरचं घालून सांगतात. ही गोष्ट तशी सांगायची नाही. ती लोणावळ्याजवळच्या औंढ्याची आहे, यंदाच्या सप्ताहातली, काल्याच्या दिवसाची. टाळ खाली ठेवा आणि कान इकडे द्या.

औंढ्याच्या धोंडाबाईंची सून राजेश्वरी कादंबऱ्या लिहिते आणि पळते. गावाला दोन्हींचं सारखंच कुतूहल.

"पळती कुणाच्या मागं?"

"कुणाच्या मागं न्हाई. नुसतीच पळती."

"आन् लिवती ते खरं असतं व्हय?"

"न्हाई. तिच्या मनातलं असतं."

"मनातलं तर तिला म्हाईतच हाय की! मंग लिवायचं कशाला?"

तिसरं कुतूहल तिच्या साखरेचं. राजेश्वरीला अकराव्या वर्षापासून मधुमेह, त्यातला टाइप वन. धोंडाबाईंना आधी वाटायचं, माहेरी पोरीने गोड फार खाल्लं असेल. राजेश्वरीने त्यांना समजावून सांगितलं, "आई, गोडाचा संबंध नाही. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. पण टोचल्यावर खाणं कमी पडलं किंवा मी जास्त पळाले, तर साखर एकदम खाली जाते. तेव्हा पटकन गोड खावं लागतं."

"म्हंजी साखरेच्या रोग्याला साखरच औषीद?"

"कधीकधी."

धोंडाबाईंनी हे बरेच दिवस मनात घोळवलं. देवाच्या लीलेत याहून अवघड गोष्टी असतात, असं म्हणून शेवटी मान्य केलं.

राजेश्वरीच्या डाव्या दंडावर रुपयाएवढं पांढरं बटण चिकटवलेलं असतं. ते साखर मोजतं आणि आकडा, शिवाय साखर चढते की उतरते ते दाखवणारा बाण, फोनवर पाठवतं. धोंडाबाईंचा मुलगा गोरख लोणावळ्याला रेल्वेत आहे. त्याने तोच आकडा स्वतःच्या आणि आईच्याही फोनवर येईल आणि साखर फार खाली गेली की फोन बोंबलेल अशी सोय करून ठेवली. तेव्हापासून धोंडाबाई हरिपाठ झाला की चष्मा लावून सुनेची साखर वाचत. "एकशे धा. बाण सरळ हाय. पांडुरंगा, असंच ऱ्हाऊ दे."

एक गोष्ट मात्र राजेश्वरीने सासूला बजावून सांगितली होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. ती म्हणाली होती, "आई, माझी साखर खाली गेली ना, की मी वाद घालते. मला काही झालं नाही म्हणते. तेव्हा माझं अजिबात ऐकायचं नाही. सरळ तोंडात गोड घालायचं."

"न्हाई ऐकणार," धोंडाबाई म्हणाल्या होत्या. सुनेचं न ऐकण्याची परवानगी सुनेनेच दिली, असं गावात दुसरं उदाहरण नव्हतं.

त्यातच गेल्या महिन्यात पळताना राजेश्वरीला खरोखर गरगरलं आणि दूधवाल्याने तिला टेम्पोतून घरी आणून सोडलं. गोरख घाबरला. त्याने अट घातली, "आता एकदा जरी फोन बोंबलला तरी एकटीनं पळणं बंद. मी मोटरसायकल घेऊन मागून येणार."

राजेश्वरीला ही शिक्षा तुरुंगाहून मोठी वाटली. तिच्या कादंबरीतली माणसं ती एकटी पळत असतानाच तिच्याशी बोलत. मागे मोटरसायकल फटफटत असल्यावर कोण तोंड उघडणार? त्यामुळे ती फार जपून राहू लागली. कमरेच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या, पाणी, बोट टोचून साखर बघायचं यंत्र, सगळं बरोबर घेऊन निघायची.

काल्याच्या दिवशीही ती तशीच निघाली. रात्रभर लिहीत बसली होती. पहाटे चहा घेऊन दुधिवऱ्याच्या खिंडीकडे पळत गेली. कीर्तनाच्या आत परत यायचं होतं. खिंडीत पोचल्यावर साखर पाहिली, चांगली होती. दोन बिस्किटं खाल्ली. वारा छान सुटला होता. झाडाखाली जरा पाठ टेकू म्हणून आडवी झाली, डाव्या कुशीवर वळली आणि गाढ झोपली.

इकडे मंडपात अंबाजीबुवांचं काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या होत्या, देव पेंद्याच्या हातचा घास घ्यायला पुढे वाकला होता, बुवांनी हात वर केला होता, मृदंगवाला त्या हाताकडे बघत होता. आणि धोंडाबाईंच्या कमरेला खोचलेला फोन रुग्णवाहिकेसारखा बोंबलला.

बुवांचा हात वरच राहिला. "मावशी, फोन बंद करा."

"फोन न्हाई, बुवा. सूनबायची साखर हाय. पंचावन्न! आन् बाण खाली!"

मंडपात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पवनानगरहून माणसं घेऊन आलेला जीपवाला पप्पू मागून उठला. "वैनी व्हय? आत्ताच बगितली खिंडीत. झाडाखाली आडवी पडल्याली. मला वाटलं, इसावा घेतीया."

झालं. बायांनी तोंडाला पदर लावला. काल्याच्या कीर्तनातून काला झाल्याशिवाय कुणी उठत नाही. धोंडाबाई अर्ध्या उठल्या, अर्ध्या बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बुवांनी एकदा विठ्ठलाकडे पाहिलं, एकदा वर टांगलेल्या हंडीकडे. मग म्हणाले, "देव उपाशी पोरांना सोडून काला करत नसतो. उतरवा हंडी. काला खिंडीत होईल."

हंडीत दही, लाह्या, पोहे होतेच. धोंडाबाईंनी प्रसादाची साखरेची पिशवी सगळीच्या सगळी वर ओतली. जीपमध्ये पुढे बुवा हंडी मांडीवर घेऊन बसले, मागे धोंडाबाई, टाळकरी, मृदंग. विणेकरी सावळाही गडबडीत चढला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, त्यामुळे तो जीपच्या मागच्या पायरीवर वीणा गळ्यात घेऊन उभा राहिला.

"सावळ्या, तू कशाला आलास?" बुवांनी विचारलं.

"कुनी थांब म्हनलं न्हाई, बुवा."

राजेश्वरी जागी झाली ती मृदंगाच्या आवाजाने. डोळे उघडले तर वर वीणा, समोर हंडी आणि नाकाशी सासूची मूठ.

"आई, काय झा..."

पुढचा शब्द काल्याखाली गेला.

"आई, मला काही झालेलं नाही!"

धोंडाबाईंनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. "म्हनली का न्हाई? साखर खाली गेली की ती आसंच म्हनती!" दुसरी मूठ.

राजेश्वरीने घास गिळला, श्वास घेतला आणि लेखिकाच ती, एक नीट वाक्य तयार केलं. "आई, शांतपणे ऐका. मी डाव्या कुशीवर झोपले होते, त्यामुळे दंडावरचं बटण दबलं, आणि ते दबलं की साखर कमी नसतानाही कमी दाखवतं."

"बोलतात तर अगदी व्यवस्थित," बुवा म्हणाले.

"त्येच तर, बुवा! येवढी यवस्थित ती कदी बोलती का? लयच खाली गेलीया." तिसरी मूठ.

आणि काल्याचा घास नाकारायचा नसतो. एकाने दुसऱ्याच्या मुखी घालायचा, हीच त्याची रीत. धोंडाबाईंनी घातला म्हणून बुवांनी घातला, बुवांनी घातला म्हणून टाळकऱ्यांनी, पप्पूने स्टिअरिंगचे हात पँटला पुसून घातला. सावळ्याचे हात वीणेत गुंतलेले, म्हणून उलट राजेश्वरीलाच त्याला भरवावं लागलं.

"थांबा सगळे!" ती ओरडली. "बोटावर बघू. मग तर पटेल?"

तिने पिशवीतून यंत्र काढलं, बोट टोचलं, थेंब लावला. सगळ्यांची डोकी यंत्रावर वाकली. आकडा आला चारशे ऐंशीच्या वर.

"आरं देवा," धोंडाबाई म्हणाल्या. "आता वर ग्येली!"

"वैनी, विंजेक्शन कुटं हाय?" पप्पूने पिशवीत हात घातला.

"कुणीही इंजेक्शनला हात लावायचा नाही!" राजेश्वरीचा आवाज असा आला की खिंडीतली माकडं झाडावरून उतरून पलीकडे गेली.

बुवा कुतूहलाने खाली बसले. त्यांनी फोन पाहिला, यंत्र पाहिलं. "बाई, फोन म्हणतो तुम्ही पाताळात. यंत्र म्हणतं स्वर्गात. तुम्ही नेमक्या आहात तरी कुठे?"

"मी खिंडीत आहे, बुवा. आणि माझी बोटं साखरेत आहेत. यंत्राने माझी नाही, हंडीतली साखर मोजली. जरा पाणी ओता."

पप्पूने जीपमधला कॅन आणला. राजेश्वरीने हात स्वच्छ धुतले, पुसले, दुसरं बोट टोचलं. एकशे बेचाळीस. एव्हाना दंड मोकळा झाल्याने फोनही तेच सांगू लागला होता. टाळकऱ्यांनी आपापली बोटं पुढे केली. "माजी बी बगा." "माजी बी." एका सुईने सगळ्यांना टोचत नाहीत, हे समजावण्यात तिचा आणखी थोडा वेळ गेला.

आणि मग धोंडाबाईंचा फोन वाजला. या वेळी खरोखर गोरखचाच होता; पंचावन्नचा आकडा त्यालाही गेला होता आणि बाकीचं मंडपातून कुणीतरी कळवलं होतं. आवाज सगळ्या खिंडीला ऐकू आला. "आई, सापडली का? बरी हाय ना? बास आता! उद्यापासनं एकटीनं पळणं बंद!"

राजेश्वरीचा चेहरा पडला.

धोंडाबाई मात्र विचारात पडल्या होत्या. "गोरख, थांब जरा. राजेश्वरी, खरं सांग. पळताना बोंब झाली व्हय?"

"नाही, आई. पळताना सगळं चांगलं होतं."

"मंग कवा झाली?"

"झोपल्यावर."

"आयकलंस का, गोरख? पळत हुती तवर पोर चांगली हुती. निजली आन् बोंब झाली. मंग बंद काय करायचं, पळनं का निजनं?"

बुवांनी मान डोलावली. कीर्तनात असा मुद्दा त्यांनाही सुचला नसता. राजेश्वरीने सासूचे पाय धरायला हात पुढे केले.

"थांब, माजं झालं न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "ही दिसाउजेडी रानात निजली का? रातभर लिवत बसली म्हून. उद्यापासनं पळ, कुटं पळायचं तितं पळ, एकलीनं पळ. पर रातचं लिवनं बंद. नवाला दिवा मालवायचा. म्या सोता मालवनार."

"आई, पण कादंबरी..."

"वाद घालू नगंस. पुन्यांदा खाली गेली का काय?" आणि धोंडाबाईंनी हंडीत हात घातला. राजेश्वरी लगेच गप्प बसली.

तिची साखर मात्र आता खरोखर चढत होती. बाण उभा वर वळला होता. थोडं इन्सुलिन घेऊन ती जीपमध्ये बसली आणि दुपारभर सगळं घर आकडा उतरताना बघत होतं. बुवांनी उरलेलं कीर्तन मंडपात येऊन पुरं केलं.

त्या दिवसापासून धोंडाबाई नऊला दिवा मालवतात आणि सून झोपते की नाही हे बघायला तिच्या खोलीतच अंथरूण टाकतात. पहिल्याच रात्री अंधारात त्यांनी विचारलं, "आज काय लिवनार हुतीस गं?" राजेश्वरीने सांगितलं. "मंग?" राजेश्वरीने पुढचं सांगितलं. "आन् तिचा नवरा काय म्हनला?" असं रोज चालतं. लिहिणं बंद आहे, हुकूम पाळला जातो. कादंबरी मात्र अंधारातच पुढे सरकते, आणि राजेश्वरी थांबू लागली तर पहारेकरीणच तिला झोपू देत नाही.

हल्ली सकाळच्या भजनात धोंडाबाई डुलक्या घेतात. बायका हसतात. तुम्ही कधी औंढ्याला गेलात आणि त्या तशा दिसल्या, तर त्यांना उठवू नका. आणि काल्याचा प्रसाद तळहातावर पडला की एक घास त्यांच्या नावाने बाजूला काढा. त्या दिवशी हंडीतला मूठ मूठ काला त्यांनी सुनेच्या मुखी घातला. त्यांच्या मुखी घालायची आठवण मात्र कुणालाच राहिली नाही. ती तुम्ही ठेवा.