वाफ कुणाची?

बसा रे मुलांनो, चुळबूळ नको. एका जंगलात एक दुर्बीण होती, तिची ही गोष्ट. खरं तर द्वारका पाणमांजरीची. पण तिला कोण विचारतो!

द्वारका तळ्यात राहायची. दोन पिल्लं, पोटापुरते मासे, काठावर दाट जांभळी. सुखात होती बिचारी.

मग सिंहमहाराजांना हुक्की आली, की दूरच्या ग्रहांवर पाणी शोधायचं. धुंडिराज घुबडाने तळ्याकाठी दुर्बीण मांडली. आभाळ दिसेना, म्हणून जांभळी तोडल्या. तळं उघडं पडलं, उन्हाने तापलं, पाण्याची वाफ होऊ लागली.

आणि काय आश्चर्य! पहिल्याच आठवड्यात एका ग्रहावर पाणी सापडलं.

"ग्रह त्याच्या सूर्यापुढून जातो," धुंडिराज भर दरबारात म्हणाला, "तेव्हा त्या सूर्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून इकडे येतो. हवेत वाफ असली, की ती उजेडातले ठरावीक रंग गिळते. महाराज, ते रंग गायब आहेत!"

टाळ्याच टाळ्या. शाल, नारळ. माकडांनी तर तिथले समुद्रकिनारे वाटूनसुद्धा घेतले.

तळं रोज वीतभर खाली जात होतं. ग्रहावरचं पाणी रोज वाढत होतं. द्वारकेने दोन्हींचा मेळ घातला. ती तडक धुंडिराजाकडे गेली.

"अहो, तो उजेड शेवटी आमच्या तळ्यावरच्या हवेतूनच येतो ना? मग रंग गिळणारी वाफ त्या ग्रहाची, की माझ्या तळ्याची?"

धुंडिराजाने मान पार मागे फिरवून पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं.

"हळू बोला, बाई. मलाही परवाच कळलं ते. पण सत्कार होऊन गेलाय हो! शाल काय परत देऊ?"

"खड्ड्यात गेली तुमची शाल! माझी पोरं चिखलात लोळताहेत. ती दुर्बीण हलवा, तळ्यावर सावली करा."

"बघतो," धुंडिराज म्हणाला. मोठी माणसं 'बघतो' म्हणाली की काय समजायचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वैशाखात तळं आटलं. त्याच आठवड्यात ग्रहावरचं पाणीही नाहीसं झालं.

"कुणी प्यायलं?" महाराज गरजले.

"कुणीच नाही, महाराज," धुंडिराज म्हणाला. " इतके दिवस आपलीच वाफ मध्ये येत होती. आता इथली हवा कोरडी ठणठणीत. निरीक्षणाला याहून चांगली जागा साऱ्या रानात नाही!"

महाराज खूश झाले. तळ्याच्या खड्ड्यात दसपट मोठी दुर्बीण बसवायचं ठरलं. धुंडिराजाला दुसरी शाल मिळाली.

द्वारका पिल्लांना घेऊन निघाली, तेव्हा धुंडिराज लगबगीने आडवा आला. "बाई, शंका तुमचीच खरी निघाली. अहवालात तुमचे आभार मानलेत मी!"

"पोरं कालपासून तहानलेली आहेत," द्वारका म्हणाली. "घोटभर पाणी आहे का कुठे?"

धुंडिराजाने सवयीने वर पाहिलं.

तात्पर्य: दुसऱ्याकडचं पाणी अचूक मोजायचं, तर आधी आपलं आटवून घ्यावं. उगाच घोळ नको.